रस्ता सासूबाईंच्या बाजूला

विमा कंपनीत कबासोचं काम एकच होतं. हमरस्त्यावर कुणाची गाडी ट्रकखाली गेली की तिथे जाऊन उभं राहायचं, मान हलवायची आणि चूक चालकाचीच होती असं कंपनीला कळवायचं. झांबियातल्या काब्वेपासून वर मपिकापर्यंतच्या रस्त्याने त्याला कधी कामाची टंचाई पडू दिली नाही. माणसं ट्रकमागे रांगायला कंटाळतात, पुढचं न बघता गाडी बाहेर काढतात, आणि मग कबासोला मान हलवावी लागते. अशा माणसांबद्दल त्याचं मत फार वाईट होतं. लग्नात, मयतीत, चर्चच्या दारात, जिथे चार माणसं भेटतील तिथे तो ते ऐकवायचा.

त्यामुळे त्याने स्वतःची गाडी घेतली तेव्हा ती तरी विचार करून घेतली असेल, असं लोकांना वाटलं. गाडी स्वस्तात मिळाली होती, कारण ती काँगोतल्या एका व्यापाऱ्याची होती आणि तिचं स्टिअरिंग डावीकडे होतं. काँगोत लोक रस्त्याच्या उजव्या अंगाने जातात, आपण डाव्या. म्हणजे आपल्या रस्त्यावर या गाडीचा चालक गटाराच्या बाजूला बसतो, आणि समोरून येणारा मृत्यू पहिल्यांदा दिसतो तो शेजारी बसलेल्याला. कबासोचं म्हणणं असं की त्यात काही बिघडत नाही, शेजारी एक्सिल्डा बसते.

एक्सिल्डा म्हणजे त्याची बायको. ट्रक आडवा आला की मान जराशी बाहेर काढून तिने 'जा' किंवा 'थांबा' म्हणायचं. वर्षभर ती हे बिनचूक करत होती. खरं तर घरातही हीच पद्धत चालू होती, पण ते कबासो कबूल करत नसे.

गाड्यांच्या कचेरीत मात्र त्याला बरेच हेलपाटे पडले. अशी गाडी रस्त्यावर आणायची तर मागे लाल अक्षरांत पाटी पाहिजे. पाटी मंजूर करून घ्यायला गाडी कचेरीत आणायला पाहिजे. आणि पाटीशिवाय गाडी रस्त्यावर आणता येत नाही. यात कारकुनाला काही अडचण दिसत नव्हती. शेवटी कबासोने गाडी घरी ठेवून आधी पाटी रंगवून घेतली, पण रंगाऱ्याला जागा पुरली नाही आणि त्याने 'सावधान, डावा' एवढ्यावरच काम आटोपलं. तेव्हापासून मागून येणारे लोक कबासोला कुठल्यातरी पक्षाचा समजत. काहीजण मूठ वर करून दाखवत. तोही सभ्यपणे हात हलवायचा.

हे सगळं चालून गेलं असतं, पण मध्ये सासूबाई आल्या.

जावई घरात रीतसर आत घेतला जाईपर्यंत सासूने आणि जावयाने एकमेकांशी बोलायचं नाही, एकमेकांकडे बघायचं नाही, हे वेगळं सांगायला नको. आत घेण्याचा विधी बायकोचा मामा ठरवतो. बहुतेकांचा तो लग्नानंतर वर्ष-दोन वर्षांत उरकतो. कबासोला आठ वर्षं झाली होती. आठ वर्षं तो सासरी गेला की बाकीचे जावई आत पंगतीला बसत आणि हा अंगणातल्या आंब्याखाली एकटा नशिमाचे, म्हणजे मक्याच्या पिठाच्या घट्ट उकडीचे, गोळे मोडत बसे. एक्सिल्डा ताट आणून द्यायची, जरा वेळ उभी राहायची आणि आतून हाक आली की जायची. विमा कंपनीत ज्याच्या शब्दावर लोकांचे दावे फेटाळले जातात, असा माणूस. एकदा विधी ठरला, तर सासरे वारले. पुन्हा ठरला, तर आदल्या दिवशी सासूबाईंना जोराची शिंक आली आणि भिंतीपलीकडून कबासोच्या तोंडून 'अरे देवा' निघून गेलं. एक्सिल्डाच्या कटेबेमामांनी ते बोलणं धरलं. विधी पुढे गेला.

आता तिसऱ्यांदा ठरला होता, मपिकाला, मामांच्या घरी. सासूबाई गुडघा दाखवायला काब्वेला धाकट्या मुलीकडे आल्या होत्या. मामांनी फोनवर सांगितलं, तुझ्याकडे गाडी आहे असं ऐकतो, तुझ्याच तोंडून ऐकतो, तेव्हा माझ्या बहिणीला तूच घेऊन ये. आणि वाटेत तुमच्यात एक शब्द जरी झाला तरी मांडव उतरवीन. पुढच्या वेळेचं मग माझ्या मुलाला विचारा, माझं वय झालं.

म्हणजे ज्या विधीनंतर त्या दोघांना एका गाडीत बसता येणार, त्या विधीला जायला त्यांना आधी एका गाडीत बसायचं होतं. यात मामांनाही काही अडचण दिसत नव्हती. त्यांना कचेरीत नोकरी लागायला हरकत नव्हती.

सासूबाईंना मागे बसवावं, तर गुडघा वाकत नाही आणि मागे पाय लांब करायला जागा नाही. पुढची उजवी जागाच काय ती ऐसपैस. म्हणजे बरोबर जावयाच्या शेजारी. ही बातमी गल्लीत पसरली तसे सल्लागार जमले. शेजारचे सिंपुंगवे रेल्वेत गार्ड होते. त्यांनी सुचवलं की सासूबाईंना उलटं, मागे तोंड करून बसवा, गार्डाच्या डब्यात तसंच असतं आणि आजवर कुणाचं काही बिघडलं नाही. पाद्रीबाबांनी प्रार्थना करा म्हणून सांगितलं, डोळे मिटून. एकाने सासूबाईंच्या डोक्यावर छत्री उघडायची कल्पना काढली. शेवटी सिंपुंगवेबाईंनी स्वतःचं चितेंगे आणून दिलं, अंगाला गुंडाळायचं ते मोठं कापड, निळं, त्यावर पिवळे मासे. ते गाडीच्या छतापासून हँडब्रेकपर्यंत कपड्यांच्या चिमट्यांनी ताणून बसवलं. गल्लीने लांबून बघितलं आणि छान झालं म्हणून मान्यता दिली.

पडदा खरोखरच छान झाला होता. कबासोला सासूबाई दिसेनात. उजवा आरसाही दिसेना. उजवीकडचा निम्मा झांबिया दिसेना. ज्या माणसाने जन्मभर पुढचं न बघणाऱ्यांवर अहवाल लिहिले, तो अर्धा रस्ता माशांनी झाकून घराबाहेर पडला, आणि सिंपुंगवेंनी हिरवं फडकं हलवून त्याला निरोप दिला.

एक्सिल्डा मागे मधोमध बसली. सासूबाईंच्या मांडीवर विधीसाठी नेलेली एक पांढरी कोंबडी होती, पाय बांधलेली. कामाची पद्धत अशी ठरली: कबासोने मागे विचारायचं, एक्सिल्डा, आईंना विचार समोर काय आहे. एक्सिल्डाने पुढे विचारायचं, आई, समोर काय आहे? सासूबाईंनी मागे सांगायचं, त्यांना सांग लांब एक टँकर आहे. एक्सिल्डाने पुन्हा पुढे सांगायचं, अहो, लांब एक टँकर आहे. तोवर टँकर शेजारून निघून गेलेला असायचा. सरकारी कामापेक्षा ही पद्धत पुष्कळ वेगवान होती, पण टँकर त्याहून वेगवान होते. तरी छोट्या गाड्यांच्या बाबतीत जमून जात होतं. कापिरी मपोशीचा फाटा मागे पडला तेव्हा कबासोला वाटायला लागलं की यावर आपण कंपनीत एक व्याख्यान द्यावं.

म्कुशीच्या अलीकडे पोलिसांनी अडवलं. पोलीस खिडकीत वाकला, त्याने पडदा बघितला आणि पलीकडे काय आहे म्हणून विचारलं. पलीकडे सासूबाई आहेत असं कबासो म्हणाला. पोलिसाने टोपी काढली. गाडीत असा पडदा लावणं बेकायदा आहे, असं त्याने अगदी हळू आवाजात सांगितलं. मग एक्सिल्डामार्फत सासूबाईंच्या गुडघ्याची चौकशी केली, स्वतःच्या सासूबाईंचा एक किस्सा सांगितला आणि लायसन्स न बघताच जाऊ दिलं. आडवा बांबू वर करताना मात्र त्याने कबासोकडे असं बघितलं, की असं बघणारे पोलीस पुढे त्याच गाडीतली मढी उचलताना आपण पाहिलेत, हे कबासोला आठवलं आणि ते त्याने विसरून टाकलं.

एक्सिल्डाला गाडीत झोप लागते. त्या दिवशी ती तांबडं फुटायच्या आधीपासून चुलीपुढे होती. म्कुशी गेल्यावर मागून उत्तरं उशिरा यायला लागली, मग अर्धीच यायला लागली, मग नुसतं 'हं' यायला लागलं. कबासोने आरशात बघितलं. ती झोपली होती, एक हात गालाखाली, तोंड जरासं उघडं. ती अशी झोपली की तिला उठवायचं नाही, हे त्याने लग्न झाल्यापासून पाळलं होतं, भांडण अर्धं राहिलं असलं तरी. मुळात तिच्याइतकी शांत झोप आणखी कुणाला लागते असं त्याला वाटत नसे. त्याने तिला दोनदा हळूच हाक मारली. तिला ऐकू जाऊ नये इतकी हळू.

सेरेंजेच्या चढाला त्यांच्यापुढे दोन ट्रक लागले. तांब्याच्या लाद्या घेऊन समुद्राकडे चाललेले, मागे प्रत्येकी एक जोडगाडी, वर ताडपत्री. दोन्ही मिळून लांबी एखाद्या गावाएवढी आणि चाल त्या गावाएवढीच. मागे काळा धूर. कबासो बराच वेळ त्या धुरात राहिला. कोळशाची पोती लादलेली सायकल हाताने ढकलत एक माणूस कडेने चढत होता. तो कबासोच्या खिडकीशी आला, त्याने नमस्कार केला, घरचे सगळे बरे आहेत ना म्हणून विचारलं, कोळसा हवा का विचारलं, आणि पुढे निघून गेला. थोड्या वेळाने तो दोन्ही ट्रकांच्या पुढे दिसला.

हे कबासोच्या जिव्हारी लागलं. माणसाच्या गाडीला इंजिन असावं आणि त्याला पायी जाणाऱ्याने मागे टाकावं. तो समोरच्या काचेकडे बघून, कुणालाही उद्देशून नव्हे, जरा मोठ्याने म्हणाला, "पलीकडून रस्ता मोकळा असता तर फार बरं झालं असतं."

सासूबाई रिवाजाच्या पक्क्या होत्या. मुलगी झोपलेली, जावयाशी बोलायचं नाही. मग त्यांचा आवाज आला, सावकाश, प्रेमळ.

"कोंबडे, रस्ता अगदी मोकळा आहे गं बाई."

कोंबडीशी बोलायला कुणाची हरकत असणार, आणि कोंबडीशी चाललेलं बोलणं कानावर पडलं तर त्याला कबासो तरी काय करणार. त्याने गाडी बाहेर काढली.

पहिला ट्रक आणि त्याची जोडगाडी मागे पडली. दोन ट्रकांमध्ये एका गाडीपुरती जागा होती. शहाण्याने तिथे आत शिरावं, असं कबासोने अहवालांत पुष्कळदा लिहिलं होतं. पण सायकलवाला अजून पुढे होता. कबासो दुसऱ्या ट्रकच्याही बरोबरीला गेला.

"कोंबडे," सासूबाई म्हणाल्या, "चढावरून एक ट्रक उतरतोय."

कबासोने ऐकलं. किती मोठा, किती लांब, हे विचारायला हवं होतं. पण कोंबडीला सांगितलेल्या गोष्टीवर जावयाने उलट प्रश्न विचारायची सोय रिवाजात नव्हती. आणि 'उतरतोय' म्हणजे नुकता दिसतोय, की आलाच, हे कोंबडीही विचारत नव्हती. त्याने पाय आणखी दाबला. गाडीने त्याला तेवढाच मोठा आवाज दिला, वेग नाही.

"कोंबडे, तो बराच जवळ आला हं," सासूबाई म्हणाल्या. आवाजात तोच सभ्यपणा. मग, "कोंबडे, त्याने दिवे लावले."

आता हॉर्नही ऐकू यायला लागला होता. लांब, एकसारखा, थांबायचं नावच नाही. चढ उजवीकडे वळत होता, म्हणून कबासोला समोर फक्त ट्रकचं पत्र्याचं अंग दिसत होतं आणि उजवीकडे पिवळे मासे. त्याने आरशात बघितलं. एक्सिल्डा झोपेत ओठ चाटत होती. आणि त्याला एकदम कळलं की आपण उद्या ज्या जागी मान हलवत उभे राहिलो असतो, ती ही जागा आहे.

पडद्याचे चिमटे तटातट उडाले. पडदा खाली आला.

"गाढवा, मागे घे."

कबासोने ब्रेक दाबला तो जवळजवळ रस्त्यापर्यंत. दुसरा ट्रक पुढे सरकला, त्याच्या मागची जागा उघडली, आणि मागच्या ट्रकवाल्याने, देव त्याचं भलं करो, आधीच वेग कमी करून ठेवला होता. गाडी त्या फटीत जाऊन पडली. समोरून आलेला ट्रक शेजारून गेला तो नुसता वारा, हॉर्न आणि अंधार. उजवा आरसा तो बरोबर घेऊन गेला.

मग पुन्हा चढ, धूर आणि दोन ट्रकांची ती सावकाश चाल. कबासोने उजवीकडे बघितलं, कारण तिथे आता बघता येत होतं. सासूबाई त्याच्याकडेच बघत होत्या. आठ वर्षांत तो चेहरा त्याने पहिल्यांदा समोरून पाहिला. डोळे एक्सिल्डाचे होते. तेवढ्यापुरते दोघंही बघत राहिले, मग सासूबाईंनी खाली वाकून चितेंगे उचललं आणि चिमटे सापडतील तेवढ्या चिमट्यांनी ते परत लावलं.

"सेरेंजे आलं का?" मागून एक्सिल्डाने विचारलं.

"नाही," कबासो म्हणाला.

"आरसा कुठंय आपला?"

"पडला."

ती बरं म्हणून परत झोपली.

चढ संपल्यावर मागचा ट्रकवाला गाडी बाजूला लावून उतरला. चालत खिडकीशी आला, पडदा बघितला, पाटी बघून आला, परत खिडकीशी आला. एवढं मोठं 'सावधान' स्वतःच लिहून ठेवलंय, ते घराबाहेर पडायच्या आधी वाचलं असतं तर बरं झालं असतं, असं तो शांतपणे म्हणाला. चूक चालकाचीच होती, एवढं सांगून त्याने मान हलवली आणि गेला. ती मान कशी हलवायची हे कबासोला चांगलं माहीत होतं. ट्रकवाल्याने हलवलेली जास्त बरी होती.

वाटेत थांबून एक्सिल्डाने मामांसाठी खायच्या वाळवलेल्या सुरवंटांची पिशवी घेतली. कबासो हिशेब करत होता. एक्सिल्डाने ऐकलेलं नाही. सासूबाई काही बोलायच्या नाहीत. आपण तर मेलो तरी बोलायचं नाही. म्हणजे झालं नाहीच असं धरायला हरकत नाही. विम्यात अशा गोष्टींना तो फसवणूक म्हणत असे.

दुसऱ्या दिवशी मामांच्या घरी सगळं गोत जमलं. झाकलेल्या भांड्यांची रांग लागली. कबासोला मामांच्याही अंगणातल्या आंब्याखालून पहिल्यांदा उठवून आतल्या खोलीत आणलं, चटईवर बसवलं. समोर सासूबाई, मान खाली घालून. त्यांच्यामागे दारात एक्सिल्डा. कटेबेमामा उठले आणि रिवाजाप्रमाणे त्यांनी सगळ्यांसमोर बहिणीला विचारलं, आजपर्यंत तू या जावयाशी एकही शब्द बोललेली नाहीस, हे खरं का?

हा प्रश्न विचारायचा असतो आणि हो म्हणायचं असतं, बाकी काही नसतं. सासूबाईंनी मान आणखी खाली घातली.

"एकदा बोलले," त्या म्हणाल्या.

कबासोने डोळे मिटले. शिंकेचं 'अरे देवा' ज्या माणसाने धरलं होतं, तो माणूस आता खाकरत होता.

मामांनी विचारलं, काय बोललीस? सासूबाईंनी जसं होतं तसं सांगितलं. गाढवा, मागे घे. का म्हणालीस? तर समोरून ट्रक येत होता आणि मागे तुझी भाची झोपली होती. दारात एक्सिल्डाचा हात तोंडावर गेला.

मामा खाली बसले. वाईट त्यांनाही वाटलं असावं, पण नियम म्हणजे नियम. शब्द झालेला आहे, एक नाही तर तीन झालेले आहेत, तेव्हा भांडी उचला, असं ते म्हणाले. दोघीजणी भांडी उचलायला वाकल्यासुद्धा. तेवढ्यात कोपऱ्यातून मामांच्या थोरल्या मावशीने थांबा म्हटलं. मावशी फार म्हाताऱ्या होत्या, त्यांना कमी ऐकू यायचं आणि म्हणून कुणी मध्ये बोलत नसे.

त्यांनी विचारलं, ही एकेरीत बोलली का?

मामा म्हणाले, एकेरीतच.

मावशी म्हणाल्या, मग ते जावयाला नाही. आजवर कुठल्या सासूने जावयाला एकेरी हाक मारली आहे का? माझ्या आईने नाही मारली, मी नाही मारली. आणि हिला मी वळण लावलंय, ही मारणार नाही. जावयाला म्हणायचं असतं तर ही म्हणाली असती, गाढवसाहेब, कृपा करून मागे घ्या. ज्याअर्थी 'गाढवा, घे' म्हणाली, त्याअर्थी ती गाढवाशी बोलत होती. जनावराशी बोलायला बंदी कधीपासून आली?

यावर बराच वेळ चर्चा झाली. मुद्दा बरोबर होता, पण सेरेंजेच्या वाटेला गाढव कुठून आलं, असं एकाने विचारलं. या भागात गाढवं नाहीत. एकाने दक्षिणेत एक पाहिलं होतं, पण ते लग्नाआधीचं. दुसऱ्याने विचारलं, गाढवाला 'मागे घे' म्हणतात की 'मागे हो'? हे कुणालाच सांगता येईना. शेवटी मामांनी हात वर केला आणि कबासोकडे वळले.

"जावईबापू, तुम्ही अपघातांचे जाणकार. तुम्हीच होतात तिथे. नीट आठवून सांगा. त्या वेळी तिथे गाढव होतं का?"

सगळं गोत त्याच्याकडे बघू लागलं. दोन मेव्हणे होते, ज्यांना तो दर मयतीला चांगली गाडी कशी चालवावी ते सांगत असे. ते जरा पुढे सरकून बसले. कबासोने विचार केला. गाढव नव्हतं म्हटलं, तर सासूबाई जावयाशी बोलल्या, भांडी उचलली जाणार आणि आंबा परत आपला. त्याने दाराकडे बघितलं. एक्सिल्डा ओठ घट्ट मिटून उभी होती, पण तिचे खांदे हलत होते. रडून की हसून, ते तिथून कळत नव्हतं.

"होतं, मामा," तो म्हणाला.

"कुठे होतं?"

"चालकाच्या जागेवर."

"आणि जावई कुठे होता?"

"तो तिथे नसावा. तो असता तर असं झालं नसतं."

मेव्हण्यांपैकी धाकटा उठून बाहेर गेला आणि त्याचं खोकणं बराच वेळ अंगणातून ऐकू येत राहिलं. मामांनी गंभीरपणे मान डोलावली. गाढवाशी झालेलं बोलणं विधीच्या आड येत नाही, असं त्यांनी जाहीर केलं. भांड्यांची झाकणं निघाली, शेंगदाण्याच्या कुटातल्या भाजीचा वास खोलीभर झाला. सासूबाईंनी हात धुऊन नशिमाचा पहिला गोळा केला आणि जावयाच्या ताटात ठेवला. आता रिवाजाप्रमाणे त्यांनी त्याच्याशी पहिला शब्द बोलायचा होता. बहुतेकजणी आशीर्वाद देतात. काहीजणींना रडू येतं. सासूबाईंनी मान वर केली आणि त्याच्याकडे चांगलं निरखून बघितलं.

"जावईबापू," त्या म्हणाल्या, "परत जाताना मी बसने जाईन. एक्सिल्डाही माझ्याबरोबर येईल."

"हो, आई," कबासो म्हणाला. आठ वर्षं जपून ठेवलेला हा शब्द शेवटी दोघींना बसथांब्यावर सोडायचं कबूल करण्यात खर्च झाला.